पन्नास जण, पाचशे रुपये, बारा महिने : लकव्यानंतर आई घरी आली तेव्हा पैसे कसे उभे केले

महिन्याला ४३,८०० रुपये. आई हॉस्पिटलातून घरी आली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी आणि दादा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि विजेच्या बिलाच्या पाठीमागे हा आकडा काढला. दादाने दोनदा बेरीज केली. मी सोसायट्यांचे हिशोब लिहिते, बेरजा हे माझं रोजचं काम. तरी मलासुद्धा वाटलं, कुठेतरी एखादी रक्कम दोनदा धरली गेलीय.

आई ६३ वर्षांची. विक्रोळीला कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. २२ वर्षं तिने घरून डबे दिले. गेल्या वर्षीच्या श्रावणात सकाळी कणीक मळताना तिचा उजवा हात परातीतच राहिला आणि तोंड वाकडं झालं. ‘पित्त असेल, जरा पडू द्या’ म्हणण्यात वेळ गेला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही सहाव्या तासाला पोचलो. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द येतो, ‘घे’. पाणी हवं असलं तरी ‘घे’, पोटात दुखलं तरी ‘घे’.

हे लिहितेय ते ज्यांच्या घरी आई किंवा वडील असे नुकतेच अंथरुणावर आलेत त्यांच्यासाठी. आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेवर कळावं एवढ्यासाठीच.

हॉस्पिटलात असतानाच ज्यांच्याकडे जायचं ते

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रस्ट, देवस्थानं, सरकारी निधी हे सगळे हॉस्पिटलच्या बिलाला पैसे देतात आणि बहुतेक वेळा थेट हॉस्पिटलच्या नावाने देतात. डिस्चार्ज झाला की ही दारं जवळजवळ बंद होतात. मावशीच्या पगारासाठी, डायपरसाठी कोणी चेक लिहीत नाही. म्हणून पेशंट दाखल असतानाच्या दिवसांत घरातल्या एकाने फक्त कागदांच्या मागे धावायचं. दुसरं काही करायचं नाही.

आईला आम्ही एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात नेलं. तिथे राखीव खाटा असतात हे आम्हाला काउंटरवर कोणी सांगितलं नाही. आठव्या दिवशी शेजारच्या पेशंटच्या मुलाकडून कळलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी वेगळा निधीही बाजूला काढायचा असतो. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन ‘आम्हाला धर्मादाय योजनेत अर्ज करायचाय’ असं स्पष्ट शब्दांत बोला. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे, तिथे लेखी तक्रार द्या. आम्ही अर्ज केला तोवर अर्धं बिल झालेलं होतं, सवलत पुढच्या भागावर मिळाली.

उत्पन्नाचा दाखला पहिल्याच दिवशी काढायला टाका. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून होतो. पुढे जिथे जाल तिथे हाच कागद मागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हॉस्पिटलात लागू असेल तर ‘आरोग्यमित्र’ अशी पाटी असलेलं टेबल असतं. हॉस्पिटल योजनेत आहे का हे विचारायला १५५३८८ हा नंबर आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, त्याच्या यादीत मेंदूचे आजार आहेत. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासाकडून आणि लालबागच्या राजाच्या मंडळाकडूनही रुग्णांना मदत मिळते. पालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत असाल तर तिथल्या समाजसेवा विभागाला ‘पुअर बॉक्स’, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीबद्दल विचारा. प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. त्याच्या मूळ प्रती चार-पाच घेऊन ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

आणि डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून आणखी एक पत्र घ्या. निदान काय, किती महिने फिजिओथेरपी लागेल, चोवीस तास माणूस लागेल का, कोणतं साहित्य लागेल, एवढं लेटरहेडवर. घरच्या शुश्रूषेसाठी पुढे जे काही मागाल त्याचा पाया हे पत्र आहे. वॉर्डातून बाहेर पडल्यावर ओपीडीच्या रांगेत उभं राहून हेच पत्र मिळवायला मला दोन सुट्ट्या घालवाव्या लागल्या.

घरचा महिना कागदावर

हॉस्पिटलचं बिल एकदाच येतं. घरचा खर्च दर महिन्याला येतो आणि तो किती महिने चालेल हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही पहिल्यांदा इथेच चुकलो. ‘पाच लाख उभे करू’ असं ठरवलं. पाच लाख कशासाठी, कधीपर्यंत, हे आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. मग समोरच्याला काय सांगणार?

आमचा महिना असा होता. दिवसपाळीची मावशी, १२ तास, रोजचे ६५०, म्हणजे १९,५००. घरी येणारे फिजिओ, एका वेळचे ५००, महिन्यात २६ वेळा, १३,०००. डायपर आणि अंडरपॅड ४,३००. औषधं ३,८००. खाट, हवेची गादी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची यांचं भाडं १,२००. वाचाउपचाराला जाण्या-येण्याचा टॅक्सीखर्च २,०००. रात्रपाळी मी आणि वहिनी आलटून-पालटून करायचो, ती यात धरलेली नाही. तुमच्या भागात दर वेगळे असतील. आकडे महत्त्वाचे नाहीत, ओळी महत्त्वाच्या. ‘उपचारांचा खर्च’ अशी एक ओळ लिहू नका. ‘डायपर, दिवसाला तीन’ असं लिहा. वाचणाऱ्याला पेशंटची खोली डोळ्यांसमोर दिसते.

मग त्यातून घरचे किती घालू शकतात ते वजा करा आणि ते खरं धरा. दादा १०,०००, मी ९,०००. पहिल्या महिन्यात आम्ही भावनेच्या भरात ३०,००० घातले आणि दुसऱ्या महिन्यात दादाच्या मुलाची फी थकली. तुम्ही बुडालात तर पेशंटला बघायला कोणी उरत नाही. ४३,८०० वजा १९,०००, कमी पडतात २४,८००. मागायचा आकडा हा.

मागण्याआधी कापा

साहित्य विकत घेऊ नका. फॉवलर कॉट (डोक्याची, पायाची बाजू वर-खाली करता येणारी खाट), हवेची गादी, वॉकर हे सगळं मुंबईत बऱ्याच मंडळांच्या, ज्ञातिसंस्थांच्या, मंदिरांच्या रुग्ण साहित्य केंद्रांतून अनामत घेऊन नाममात्र भाड्याने मिळतं. आपल्या वॉर्डातल्या पक्षाच्या शाखेत, गणेशोत्सव मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात विचारा. त्यांच्याकडे नसेल तर कोणाकडे आहे ते त्यांना माहीत असतं. मात्र हवेची गादी नक्की घ्या, त्यात काटकसर नको. आमच्याकडे पहिले बारा दिवस साधी गादी होती. आईला माकडहाडापाशी जखम झाली. ड्रेसिंगला त्या महिन्यात ६,००० वर गेले आणि ती किती कळवळायची ते मी लिहू शकत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मोबाइलवर गजर लावून आम्ही ते केलं. मावशीचा पगार हा सगळ्यात मोठा खर्च वाटतो, पण कूस बदलणारा माणूस नसेल तर त्याहून मोठा खर्च मागून येतो.

मावशीसाठी आधी एका ब्युरोकडे गेलो. त्यांनी नोंदणीचे पैसे घेतले आणि तीन आठवड्यांत पाच बायका बदलल्या. दर वेळी आईला नव्या हातांची सवय करायची. शेवटी सहा नंबरच्या इमारतीतल्या एका बाईंनी त्यांची नणंद पाठवली, ती अजून आहे. ब्युरोचं पैसे परत करण्याचं कलम वाचल्याशिवाय पावती फाडू नका.

औषधांच्या चिठ्ठीवर घटकांची नावं लिहून द्या असं डॉक्टरांना सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा. रक्त पातळ करणारं, कोलेस्ट्रॉलचं, रक्तदाबाचं, अशी नेहमीची औषधं तिथे असतात. आमचे ३,८०० चे १,७०० झाले.

हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. फिजिओ, व्यवसायोपचार (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं), हातापायांचे स्प्लिंट म्हणजे आधारपट्ट्या, सगळं एका छताखाली. वाचा गेली असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. आईला आम्ही तिथेच नेतो. पहिले तीन महिने मात्र घरी येणारे फिजिओ बंद करू नका, कितीही ओढाताण झाली तरी. सुधारणा सगळ्यात जास्त त्याच काळात होते. चौथ्या महिन्यापासून आम्ही घरचे दिवस निम्मे केले, व्यायाम मावशीला आणि वहिनीला नीट शिकवून घेतले.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते. लकवा नवा असेल तर थोडे महिने थांबायला सांगतात, प्रकृती कुठे स्थिरावते ते बघून टक्के ठरवतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच सवलती सुरू होतात. मुंबई महापालिकेची दिव्यांगांसाठीची धर्मवीर आनंद दिघे अर्थसहाय्य योजना आहे : ४० ते ८० टक्क्यांना सहा महिन्यांचे ६,०००, त्यावरच्यांना १८,०००. घरात जो नोकरी करतो आणि जुन्या करप्रणालीत आहे, त्याला अवलंबून असलेल्या दिव्यांग आई-वडिलांसाठी ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० ची. उत्पन्न फारच कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करा.

कोणाकडे मागायचं

आमचा पहिला मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. मोठा मजकूर, शेवटी ‘यथाशक्ती मदत करावी’. चाळीस जणांनी हात जोडलेले पाठवले. जमा झाले ११,०००. लोक वाईट नव्हते. ‘यथाशक्ती’ म्हटलं की माणसाला किती द्यावं ते कळत नाही. कमी दिलं तर बरं दिसणार नाही म्हणून तो काहीच देत नाही.

मग एका रात्री आईजवळ जागत असताना मी तिची डब्यांची वही काढली. लाल कापडी बांधणीच्या चार वह्या. प्रत्येक पानावर नाव, खोली, महिना, आणि बाजूला आईच्या बारीक अक्षरात : ‘तिखट कमी’, ‘चतुर्थी धरतो’, ‘पगार १० ला, घाई करू नये’. एका पानावर ‘नोकरी गेली, दोन महिने घ्यायचे नाहीत’. ते पैसे पुढे कधी आल्याची नोंद नाही. चारही वह्यांत मिळून २१४ नावं होती.

तुमच्या घरी डब्यांची वही नसेल. पण तुमच्या आई-वडिलांनी आयुष्यात कोणासाठी तरी काही केलेलं असतं. वडील डेपोत असतील तर त्यांची बॅच असते. शाळेत शिपाई असतील तर मुलं असतात. भजनी मंडळ, भिशी, कामगार संघटना, गावाकडचं मुंबईतलं मंडळ. नातेवाइकांच्या आधी या माणसांची यादी करा. नातेवाइकांकडे जुने हिशोब असतात, मानापमान असतात. या माणसांना फक्त तुमची आई आठवते.

२१४ पैकी ९० जणांचे नंबर मिळाले, एकाकडून दुसऱ्याचा असं करत. आधी फोन, मग मेसेज, हा क्रम सोडू नका. नुसता मेसेज आला की हल्ली लोकांना फसवणूक वाटते, आणि त्यांचं चूकही नाही. फोन रात्री साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये करायचा, महिन्याच्या ५ ते १० तारखेला, पगार झालेला असतो तेव्हा. पहिला फोन मी केला. पलीकडून ‘काकू कशा आहेत?’ एवढंच विचारलं गेलं आणि मला बोलताच येईना. पुढचे पाच फोन वहिनीने केले. तुम्हालाही तसं झालं तर पहिले काही फोन घरातल्या दुसऱ्या कोणाला करू द्या, त्यात कमीपणा नाही.

फोननंतर पाठवायचा मजकूर असा होता :

‘नमस्कार. मी कन्नमवार नगरातल्या डब्याच्या काकूंची मुलगी. तुम्ही २००९ ते २०१२ आईकडे जेवत होता, वालाची उसळ नको असायची असं तिने लिहून ठेवलंय. श्रावणात आईला लकवा झाला. उजवं अंग आणि बोलणं गेलं आहे, समजतं सगळं. मावशी, फिजिओथेरपी, डायपर, औषधं, साहित्य आणि टॅक्सी मिळून महिन्याला ४३,८०० रुपये लागतात. आम्ही दोघं भावंडं १९,००० घालतो, २४,८०० कमी पडतात. पन्नास जणांनी महिन्याला ५०० रुपये दिले तर भागतं. तुम्ही त्यातले एक व्हाल का? मुदत बारा महिने. मध्येच थांबायचं झालं तर कारण सांगायची गरज नाही. जमत नसेल तरी आमच्या मनात काही येणार नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला सगळा हिशोब पाठवीन. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे.’

भिशी आपल्याला कळते. किती जण, किती रुपये, किती महिने, हे ठरलेलं असलं की माणूस हो म्हणायला घाबरत नाही. ३१ जण ५०० ला तयार झाले, सहा जण १,००० ला. महिन्याला २१,५००. औषधांत वाचले २,१००. उरलेला खड्डा छोटा होता, तो आम्ही भरला. ज्यांनी एकरकमी १०,००० देऊ केले त्यांना मी सांगितलं, आत्ता नको, सातव्या-आठव्या महिन्यात द्या. लोक मध्येच गळतात, तेव्हा ही रक्कम लागते. आमच्याकडे सहाव्या महिन्यापर्यंत सात जण थांबले होते. एकालाही कारण विचारलं नाही. विचारायचं नसतं.

फोटो

मावसभावाने आवाहनासाठी फोटो काढला होता : नाकात नळी, तोंड वाकडं, गाऊन खांद्यावरून घसरलेला. म्हणाला, असा फोटो असेल तरच लोक थांबून बघतात. मी तो आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग डाव्या हाताने मोबाइल चादरीवर पालथा घातला. मला वाटलं हात घसरला, म्हणून पुन्हा समोर धरला. पुन्हा पालथा घातला आणि वर हात दाबून ठेवला.

तो फोटो आम्ही कुठेच टाकला नाही. चार वर्षांपूर्वीचा टाकला, ओट्याशी उभी, समोर सहा डबे भरून ठेवलेले. जे तिला ओळखत होते त्यांना तेवढा पुरला.

बोलता येत नसलं तरी विचारा. डोळ्यांनी, हाताने, मानेने उत्तर मिळतं. तुमच्या आईच्या उघड्या अंगाचा फोटो एकदा बाहेर गेला की तो परत घेता येत नाही. तसंच आधारकार्ड, घरचा पत्ता, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक दिसतील असे कागद पाठवू नका, त्यावर पट्टी लावून मग फोटो काढा. कोणी तुमचाच मजकूर उचलून स्वतःचा यूपीआय नंबर घालून फिरवू शकतं. म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये लिहा की पैसे पाठवताना स्क्रीनवर अमुक नाव दिसेल, दुसरं नाव दिसलं तर पाठवू नका, आधी फोन करा.

खातं आणि कर

इथे आमचं मोठं नुकसान होता होता वाचलं. मी पैसे माझ्या पगाराच्या खात्यात घेणार होते. ज्यांच्या सोसायटीचे हिशोब लिहिते तिथल्या सीएंनी थांबवलं. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या पैशांची बेरीज ५०,००० च्या वर गेली की ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. आमचे वर्षाचे अडीच लाखांच्या वर होणार होते. ते माझ्या पगारात मिळवले गेले असते. पैसे आईसाठी आहेत तर आईच्याच खात्यात घ्या, असं ते म्हणाले. तिला दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे ती करमर्यादेच्या खाली राहते. तुमची परिस्थिती वेगळी असेल, पण पहिला रुपया येण्याआधी सीएंना अर्धा तास भेटा. आणि देणाऱ्यांना आधीच सांगा की यावर त्यांना करसवलतीची पावती मिळणार नाही. ती करसवलतीसाठी मान्यता असलेल्या संस्थेला किंवा निधीला दिलेल्या देणगीवर मिळते.

मग प्रश्न, आई सही कशी करणार? उजवा हात चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचना यावर अगदी स्पष्ट आहेत. आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचाही अंगठा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. शाखेत लेखी अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी अधिकारी घरी आले. त्यांनी आईला मराठीत समजावून सांगितलं, तिने मान हलवली, डाव्या हाताचा अंगठा दिला, आणि माझं नाव खात्यात जोडलं गेलं. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ असा पर्याय निवडा. पेशंट शुद्धीवरच नसेल तर मात्र असं नाव जोडता येत नाही. कोर्टातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते, त्यासाठी वकील गाठा.

या खात्यातून घरचं दूधसुद्धा आणायचं नाही. प्रत्येक खर्च यूपीआयने किंवा पावतीने. मावशीला रोख द्यावे लागतात, तर तिची वहीत सही घ्या. दर ५ तारखेला मी एका पानाचा हिशोब पाठवते : जमा, खर्च, शिल्लक, खाली पासबुकाच्या पानाचा फोटो आणि आईबद्दल दोन ओळी. कोणी किती दिले ते त्यात नसतं, फक्त एकूण. एका महिन्यात हिशोबाला आठवडा उशीर झाला तेव्हा तिघांचे पैसे आले नाहीत. हिशोब गेल्यावर आले. ते विसरले नव्हते, वाट बघत होते.

ऑनलाइन आवाहन

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा ठिकाणी आवाहन टाकता येतं. ऑपरेशन, आयसीयू अशा तातडीच्या मोठ्या बिलासाठी ते जास्त उपयोगी. घरच्या शुश्रूषेसाठी टाकायचं असेल तर डॉक्टरांचं पत्र, फिजिओंचं त्यांच्या नोंदणी क्रमांकासह अंदाजपत्रक आणि महिन्याच्या ओळी तयार ठेवा. सुरू करण्याआधी तीन गोष्टी वाचा : ते स्वतःसाठी आणि पैशांच्या व्यवहारासाठी किती कापतात, पैसे तुमच्या खात्यात येतात की हॉस्पिटलच्या, आणि बिल नसलेल्या खर्चाला, म्हणजे मावशीच्या पगाराला, पैसे काढता येतात का. पहिल्या दोन दिवसांत तुमच्या ओळखीच्या वीस जणांनी तरी त्यावर पैसे टाकले नाहीत तर अनोळखी माणूस तिथे थांबत नाही. म्हणजे इथेही शेवटी वहीच लागते.

आवाहन दिसलं की काही जणांचे फोन येतात : ‘आम्ही दहा लाख उभे करून देतो, आम्हाला वीस टक्के द्या’, किंवा ‘ट्रस्टचा चेक तयार आहे, आधी प्रक्रियेचे ५,००० भरा’. पहिल्याला नाही म्हणा, दुसरा सरळ चोर आहे. देणारी संस्था कधी आधी पैसे मागत नाही.

पैसे न देणारे

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांना हाक मारायची राहू नये. वाचाउपचाराला जायच्या दिवशी आईला तीन मजले उतरवायचे म्हणजे खुर्चीसकट चौघांनी उचलायचं. मंडळाच्या मुलांनी मंगळवार वाटून घेतले. पहिल्यांदा उतरवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची जरा कलली आणि आईने समोरच्या मुलाची कॉलर डाव्या हाताने घट्ट धरली. तो तिथेच थांबला, म्हणाला, ‘काकू, सोडू नका, मी नाही हलत.’ आता तीच मुलं वरच्या पायरीवर कोण, खालच्या पायरीवर कोण हे न बोलता ठरवतात. शेजारच्या काकू दुपारी दोन ते चार बसतात, मावशीला जेवायला आणि पडायला मिळतं. दादाचा मित्र दर पंधरवड्याला डायपर घाऊक दुकानातून आणतो. मागताना दिवस आणि वेळ सांगा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला लगेच सांगायचं : ‘हो, गुरुवारी दुपारी दोन तास बसाल का?’

अजून एक गोष्ट पहिल्याच हिशोबात लिहून टाका, जड वाटली तरी. पैसे उरले तर काय करणार, आणि आई राहिली नाही तर काय करणार. आम्ही लिहिलं की शिल्लक साहित्य केंद्राला देऊ. त्या ओळीवर मी दोन दिवस अडले होते. ती लिहिल्यावर एकाचा फोन आला, त्याच्या वडिलांच्या वेळी हा प्रश्न अर्धवट राहिला होता आणि अजून त्याला टोचतो, असं म्हणाला.

बारावा महिना गेल्या महिन्यात संपला. आई धरून उभी राहते, कमोडच्या खुर्चीवर स्वतः सरकते, डायपर दिवसाला एकावर आलेत. शब्द सात झालेत. नवा आकडा २६,३०० आहे, त्यातले १९,००० आमचे. कमी पडतात ७,३००. ५ तारखेच्या हिशोबाखाली मी लिहिलं की आता पंधरा जण पुरेत, बाकीच्यांनी थांबावं, आणि फॉवलर कॉट परत केल्याची पावती जोडली. वालाची उसळ नको असणाऱ्या त्या गृहस्थांनी उलट लिहिलं की ते पंधरांत आहेत, आणि रविवारी येतोय, काकूंना सांगा.